लांबचा हंडा आधी

प्रिय ईशा आणि निखिल,

गेल्या रविवारी फोनवर तुम्ही दोघं एकमेकांच्या अभ्यासाला हसलात. ईशा, तू आकाशगंगांच्या भोवती, पार बाहेर तरंगणाऱ्या थंड वायूच्या ढगांवर काम करतेस. निखिल म्हणाला, असल्या ढगांनी कुणाचं पोट भरत नाही. निखिल, तू वेगवेगळ्या अर्थव्यवस्थांमध्ये माणसांच्या मिळकतीत किती अंतर पडतं ते मोजतोस. ईशा म्हणाली, ते न मोजताही सगळ्यांना माहीत आहे. मग दोघांनी मिळून मला विचारलं, आजी, तुला यातलं काही कळतं का? मी म्हटलं, हे दोन्ही विषय मला एकाच माणसाने शिकवले, बहात्तरच्या दुष्काळात, तेलगावहून दिंद्रुडकडे जाताना लागणाऱ्या एका गावात. तुम्हाला ती थट्टा वाटली. पुढच्या महिन्यात माझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्याआधी, ओळी सरळ येताहेत तोवर, लिहून ठेवते.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. औरंगाबादला इंग्रजी घेऊन बी.ए. केलं होतं. तुमच्या आजोबांची त्या भागात बदली झाली, म्हणून त्या गावच्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले. तो माणूस तिथेच भेटला. सगळे त्यांना सर म्हणत, ते गणित आणि विज्ञान शिकवत. वय पन्नाशीचं, अंगाने उंच, पाठीत जरा वाकलेले, हातात बारा महिने छत्री. पाऊस नव्हताच, छत्री उन्हासाठी होती. पण ती त्यांनी स्वतःच्या डोक्यावर नीट धरलेली मी कधी पाहिली नाही. शेजारून जो चालत असेल त्याच्यावर ती कललेली असे, आणि सर अर्धे उन्हात. त्यांच्या डाव्या कानाचा रंग उजव्या कानाहून काळा होता.

गाव त्यांना ढगमास्तर म्हणे. एखादा शेतकरी वाटेत थांबवून विचारी, "मास्तर, ढग काय म्हणतात?" सर गंभीरपणे सांगत, "माझे ढग लई लांबचे हायत. तुमी आपलं आभाळच बघा."

सर निजामाच्या राजवटीत उर्दूत शिकलेले. पाढे मनातल्या मनात उर्दूत म्हणत आणि आकाशगंगेला कहकशाँ म्हणत. हैदराबादचा एक जुना वर्गमित्र त्यांना इंग्रजी विज्ञान मासिकांचे गठ्ठे पाठवी. त्यातली गणितं सरांना कळत, पण मधली वाक्यं कळत नसत. मी रुजू झाले त्याच आठवड्यात ते माझ्यापुढे मासिक घेऊन उभे राहिले. "बाई, तुमी अक्षरं वाचा, आकडे मी वाचतो." तेव्हापासून दर शनिवारी, सकाळची शाळा सुटली की मी त्यांच्या ओसरीवर जाई. मी वाचून मराठीत सांगे आणि ते वहीत लिहून घेत. त्यांची थोरली बहीण, अक्का, उंबऱ्यात बसून धान्य निवडे. अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, मिलो, तेव्हा रेशनवर मिळे. ती निवडायला फार वेळ लागे, म्हणून अक्कांनी आमचं सगळं ऐकलेलं असे.

ढगांचा लेख असाच एका शनिवारी वाचला. तारे सगळे मधल्या तबकडीत दाटलेले. पण तिच्या खूप बाहेर, जिथे काहीच दिसत नाही, तिथे थंड वायूचे ढग आहेत. त्यातले काही हळूहळू आत येताहेत, आणि नवे तारे घडायला तोच माल लागतो.

सर लिहायचे थांबले. "म्हंजे दिवे मधी, आन सरपण बाहेर?"

मी पुन्हा वाचून पाहिलं. "हो, तसंच म्हणायचंय त्यांना."

"आन दिव्यांकडं बघणाराला सरपण दिसत न्हाई."

"ते काही लिहिलेलं नाही, सर."

"ते मी लिहितो," म्हणत त्यांनी लिहिलं.

पुढे लेखात होतं की या ढगांच्या भोवतीचा वायू अतिशय तापलेला असावा. सरांनी विचारलं, एवढ्या तापलेल्यात गार ढग टिकतो कसा? लेखात उत्तर नव्हतं. सरांनी समासात पेन्सिलीने लिहिलं, "टिकतो कसा?" आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

अक्का उंबऱ्यातून म्हणाल्या, "गावात हंडे पालथे पडलेत, आन ह्यो ढग मोजतोय. त्यातला एक तरी हिकडं वळीव म्हणावं."

"ते हिकडंच येत हायत, अक्का. पोचायला लई वर्षं लागतील."

"मग हंडा मांडून ठिवते," अक्का म्हणाल्या आणि मिलोतला खडा अंगणात फेकला.

निखिल, आता तुझा विषय. सर वर्गाची हजेरी शेवटच्या नंबरापासून घेत. तपासलेल्या वह्या मागच्या बाकावरून पुढे येत. गरीब आणि श्रीमंत हे शब्द ते वापरत नसत. माणसं त्यांच्या लेखी आतली आणि बाहेरची. वर्षातून एकदा ते वर्गात भाजलेल्या चिंचोक्यांचं ताट आणत. पहिला खेळ जहागीरदाराचा: पुढच्या बाकावरचा एक जण हवे तेवढे घेणार, उरलेले मागे. दुसरा बाजाराचा: ज्याचा हात पोचेल त्याने घ्यावेत. तिसरा सहकाराचा: हात वर करून सगळ्यांनी ठरवायचं, पण हात पहिल्या दोन बाकांनीच वर करायचे, कारण सभासद तेवढेच. प्रत्येक खेळानंतर मागच्या बाकावर किती चिंचोके पोचले ते फळ्यावर लिहीत. आकडे जवळजवळ सारखेच येत. मग म्हणत, "राज बदललं, बाक बदलला न्हाई." मुलांना चिंचोके मिळाल्याशी मतलब. मी मात्र एकदा मागे उभी राहून हा तास पूर्ण पाहिला, आणि कॉलेजातल्या अर्थशास्त्राच्या दोन वर्षांत जे नीट कळलं नव्हतं ते कळलं.

लग्नात शिक्षकांना पहिल्या पंगतीचा मान असे. सर तो घेत नसत. ते शेवटच्या पंगतीला, वाजंत्रीवाल्यांच्या शेजारी बसत. म्हणत, शेवटच्या ताटात काय पडतं त्यावरून घर कळतं. गावच्या सहकारी सोसायटीच्या चेअरमननी मुलाच्या लग्नात गावजेवण घातलं होतं. त्यांना सगळे अण्णा म्हणत. पोटाने मोठे, बोलायला गोड, हुशार गृहस्थ. जेवणं झाल्यावर त्यांनी चार पाहुण्यांसमोर सरांना विचारलं, "काय मास्तर, जेवलात ना पोटभर?" सर म्हणाले, "जेवलो. बुंदी पाचव्या पंगतीलाच संपली, अण्णा." अण्णा हसले. पण ते वाक्य त्यांनी लक्षात ठेवलं, हे पुढे कळलं.

त्या उन्हाळ्यात गावातल्या सगळ्या विहिरी आटल्या. सोसायटीच्या जागेत दुष्काळी कामावर एक नवी विहीर खणली होती, तिला तेवढं पाणी लागलं. पाणीही कसलं: पहाटे चार हात साठलेलं असे, दहाच्या सुमाराला तळाचा चिखल दिसे, मग दुसऱ्या पहाटेपर्यंत वाट बघायची. विहिरीजवळची घरं आधी भरून घेत. माळावर मजुरांची अकरा घरांची वस्ती होती, तिचा नंबर शेवटी लागे. ही विहीर खणली होती त्याच वस्तीने. पण त्यांच्याकडे जमीन नव्हती, म्हणून सातबारा नव्हता, आणि सातबारा नाही म्हणून सोसायटीचं सभासदत्व नव्हतं. त्या वस्तीने विहिरीवर आधी येऊ नये असं वाटण्याची गावाकडे आणखीही काही जुनी कारणं होती. ती कुणी सभेत बोलून दाखवत नसे. तुम्हाला ती ठाऊक आहेत असं मी धरून चालते.

सरांचं रान विहिरीला लागून होतं, त्यामुळे ते सभासद होते. त्यांनी सभेत ठराव मांडला की जो लांब राहतो त्याचा हंडा आधी भरावा, सभासद असो वा नसो. अण्णांनी विचारलं, "लांब म्हंजे कसं ठरवायचं?" सरांनी नकाशा उलगडला. दोन पोरांना दोरी धरायला लावून अंतरं त्यांनी मोजली होती आणि नकाशा मी काढला होता. प्रत्येक वस्तीपासून विहिरीपर्यंत तांबड्या शाईची एक रेघ, पट्टीने मारलेली. मला त्या रेघांचा फार अभिमान होता.

अण्णांनी एकेका रेघेवरून बोट फिरवलं. सगळ्यांत लांब रेघेवर ते थांबलं. मग म्हणाले, "मास्तरांचं म्हणणं न्यायाचं हाय. आपली काय हरकत न्हाई." सभेचं इतिवृत्त लिहायला मलाच बसवलं होतं. मी लिहिलं, एकमताने मंजूर. सर आणि मी आनंदात घरी गेलो. सर्वांत लांबची रेघ अण्णांच्या मळ्याची होती, हे आमच्या दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. माळावरच्या वस्तीचा क्रम सहा वस्त्यांत पाचवा लागला होता.

तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, सरांचा तास चालू असताना वर्गाच्या दारात एक बाई रिकामा हंडा काखेला लावून उभी राहिली. माझा वर्ग शेजारीच होता, मधे पार्टिशन. तिचं नाव गयाबाई. माळावर तिच्या शब्दाबाहेर कुणी नसे.

"मास्तर, नकाशा तुमी काढला का?"

"मोजला मी. काढला बाईंनी."

"माझं घर कुठलं त्यात?"

सरांनी नकाशा काढून दाखवलं.

"आन ही रेघ?"

"तुमच्या घरापून विहिरीपतूर. सरळ."

"हिच्यावरून चालतं कोण?"

माझ्या वर्गातली मुलं पार्टिशनला चिकटली.

"ही रेघ कावळ्याची हाय, मास्तर. मधी वढा हाय. वढ्याच्या अंगाला काट्याची कुपाटी हाय. आमी मारुतीला वळसा घालून येतो. कुपाटी कुणाची हाय, सांगू का?"

कुपाटी म्हणजे काट्यांचं कुंपण. ते सरांच्याच रानाचं होतं.

"काल आमच्या वाट्याला गाळ आला," गयाबाई म्हणाली. "रविवारपतूर वाट बघते. न्हाईतर सोमवारी अकराच्या अकरा घरं उचलून खडीच्या कामावर जाणार, बीडच्या पल्याड. सुनंला आठवा लागलाय. तिला चालवत न्यायची का बैलगाडीत, तेवढं सांगून ठिवा."

ती गेली. सरांनी फळ्यावरचं गणित पुसलं आणि लिहिलं: "माझे चुकले. रेघ सरळ होती, वाट नव्हती." ते वाक्य चार दिवस फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात होतं. त्याच्याखाली बाकीचे विषय शिकवले गेले. खरं तर त्यात माझंही नाव हवं होतं. मी ते लिहिलं नाही, हे आज लिहिते.

बुधवारी पहाटे गावाने जे पाहिलं ते त्याने आधी कधी पाहिलं नव्हतं. सर विहिरीवर गेले, पितळी हंडा भरला, डोक्यावर घेतला आणि माळाकडे चालू लागले, पावलं मोजत. पुरुषाने डोक्यावर पाणी आणायचं, तेही शिक्षकाने. मारुतीच्या पारावर बसलेल्यांपैकी एकाने हाक मारली, "का रं, मास्तर बाई झाला का?" सर मान न हलवता म्हणाले, "अजून न्हाई. अर्ध्या वाटंत हाय." पण बोलण्यात मोजणी चुकली, ते परत फिरले आणि पहिल्यापासून मोजू लागले. पहिल्या दिवशी वस्तीवर पोचला तो हंडा अर्धा होता. उरलेला सदऱ्यात.

संध्याकाळी मी गेले तर अक्का त्यांना ओसरीवर उभं करून हंड्याखालची कापडाची चुंबळ कशी वळायची ते शिकवत होत्या. "पावलं मोजू नगंस, मान सांभाळ. मान सांभाळली की पावलं सारखी पडतेत."

"सारखी पडली तर मोजायलाच नको, एकदा ठरवलं की झालं," सर म्हणाले.

"लई शिकलास," अक्का म्हणाल्या. "बायकांना हे कवाचं ठावं हाय."

शनिवारपर्यंत त्यांनी सहाही वाटा चालून काढल्या, प्रत्येक वाट दोनदा. माळावरची वाट दोन हजार एकशे चाळीस पावलं भरली. अण्णांच्या मळ्याची, सडकेने सरळ येणारी, दीड हजारांच्या आतच. त्यातून मळ्याचं पाणी बैलगाडीत पिंप ठेवून जाई, पण ते सरांनी हिशेबात धरलं नाही. म्हणाले, एका वेळी एकच चूक सुधारू.

रविवारी दुपारी सोसायटीच्या खोलीत सभा भरली. मी वही उघडून बसले होते. माळावरच्या बायका बाहेर, लिंबाखाली. सभा सुरू झाली तरी सर आले नव्हते. अण्णा म्हणाले, ठराव एकदा मंजूर झाला की झाला, नियमाने त्यात बदल करायचा तर रीतसर नोटीस पाहिजे. नियम खरंच तसा होता. मी पाहिला होता. एवढ्यात दारातून आधी हंडा आत आला, मग त्याखाली सर. चौकट ठेंगणी होती. त्यांनी गुडघे वाकवले, मान ताठ ठेवली आणि थेंब न सांडता आत येऊन अण्णांच्या टेबलापुढे उभे राहिले.

"हे काय, मास्तर?"

"माळावर निघालोतो. वाटंत मीटिंग लागली."

"उतरवा मग. बसा."

"भरला हंडा एकट्यानं उतरत न्हाई, अण्णा. हात द्यायला माणूस लागतं."

खोलीत वीसेक पुरुष होते. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. घरात हंडा उतरवायला हात देणं हे बायकांचं काम. यातल्या कुणी ते कधी केलं नसावं. सरांच्या मानेची शीर उडताना मला दिसत होती. शेवटी अण्णाच उठले, कारण सर त्यांच्यापुढे उभे होते. त्यांनी दोन्ही हातांनी हंडा धरला, सर खालून सरकले, आणि पूर्ण भार अण्णांच्या हातावर आला. टेबलावर दप्तरं पसरलेली, जमिनीवर माणसं बसलेली. ठेवायला जागाच नव्हती. पाणी तर सांडायचं नाही. त्या उन्हाळ्यात ते पाप कुणी केलं नसतं. अण्णा पोटाशी हंडा धरून उभेच राहिले.

"लई जड हाय की हो," ते म्हणाले.

बाहेरून लिंबाखालून गयाबाईचा आवाज आला. "रिकामा असला की हलका लागतोय, अण्णा. आमी आठवडाभर तसलाच नेतोय."

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले, आणि अण्णाही, पण हंडा त्यांच्या पोटावरून खाली घसरत होता. "किती पावलं भरली, मास्तर?"

सरांनी दोन्ही आकडे सांगितले.

बुंदीची गोष्ट तेव्हा त्यांच्या मनात आली असावी, कारण ते म्हणाले, "मागच्या पंगतीतनं उठून लई पुढं आलात तुमी." मग माझ्याकडे वळले. "लिहा, बाई. नोटिशीचं मी बघतो. आन आधी कुणीतरी हे धरा रं."

मी इतिवृत्तात दुरुस्ती लिहिली. ती मला अजून पाठ आहे. "अंतर हे भरलेला हंडा डोक्यावर घेऊन चाललेल्या पावलांनी मोजावे. सर्वांत लांबच्या वस्तीचा हंडा आधी भरावा." तो हंडा गयाबाईने आत येऊन अण्णांच्या हातातून घेतला. डोक्यावर चढवताना तिने कुणाची मदत मागितली नाही.

सोमवारी माळावरून कुणी गेलं नाही. पुढे दिवस भरल्यावर गयाबाईच्या सुनेला मुलगी झाली, वस्तीवरच. मी पहिल्यांदा बाळाला पाहायला गेले तेव्हा गयाबाई म्हणाली, एक घर जरी उठलं असतं तरी बाकीची दहा टिकली नसती.

पावसाळ्यानंतर सरांनी आपल्या कुंपणात माणूस जाईल एवढी वाट पाडली. त्याने माळाचा वळसा निम्म्याने कमी झाला. अक्कांनी लगेच विचारलं, "आता वस्ती जवळ आली. मग पाळी बदलायची का?" सर दोन दिवस विचारात होते. शनिवारी मी गेले तेव्हा म्हणाले, "बाई, पुढच्या उन्हाळ्यात ही वाट बुजवावी लागंल, नसता त्यांचा नंबर जातोय." अक्का म्हणाल्या, असला माणूस मी दुसरा पाहिला नाही. तो प्रश्न शेवटी गावानेच मोडीत काढला. पुन्हा पावलं मोजायला कुणी गेलं नाही. माळ आधी, हे सवयीचं होऊन गेलं.

दोन वर्षांनी आमची बदली झाली. सर निवृत्त झाल्यावर त्याच घरात राहिले, आणि अक्कांच्या मागून वर्षभरात गेले. भाषांतराची वही त्यांनी मला दिली होती. ती घरं बदलताना हरवली, हा माझा एकच मोठा निष्काळजीपणा.

ईशा, तू मला परवा सांगितलंस की लहान ढग तापलेल्या वाऱ्यात फाटून जातात. पण ढग पुरेसा मोठा असला तर भोवतालच्या गरम वायूलाच आपल्यात मिसळून घेऊन गार करतो, आणि टिकतो, वाढतोही. मी फोन ठेवला आणि मला ते समासातले दोन शब्द दिसले. सरांना तुझं उत्तर फार आवडलं असतं. त्यांनी लगेच विचारलं असतं, पुरेसा म्हंजे किती? आणि निखिलला त्यांनी नक्की विचारलं असतं की तुझी रेघ कावळ्याची आहे की पायाची.

गेल्या उन्हाळ्यात पुतण्याच्या गाडीतून मी त्या गावावरून गेले. मुद्दाम थांबवायला लावलं. पाण्याचा टँकर नुकताच आला होता, हंड्यांची आणि प्लास्टिकच्या घागरींची रांग लागलेली. टँकरवाला नळीचं तोंड हातात धरून ओरडला, "माळवाले या." रांगेतल्या बायका आपणहून बाजूला झाल्या. मी एका तरुण मुलीला विचारलं, त्यांचं आधी का? ती म्हणाली, "काय की. आमच्यात आसंच हाय."

सोसायटीची विहीर बुजली आहे. सर नाहीत, अक्का नाहीत, अण्णा आणि गयाबाईही नाहीत. माळावरची वस्ती आहे, आणि टँकर आला की तिचे हंडे आधी भरतात.

तुमची,
आजी